रिट्रीव्हर घेताय? घरात रमणारा आणि रानात कामाला येणारा कुत्रा कसा निवडावा

मिनेसोटात पहिल्यांदा फेझंटच्या, म्हणजे रानकोंबड्यासारख्या पक्ष्याच्या, शिकारीला गेले तेव्हा माझ्या हातात बंदूक नव्हती. मी शेजारच्या आजोबांबरोबर नुसती बघायला गेले होते. त्यांनी पाडलेला कोंबडा पंख मोडून खाली आला आणि जमिनीला टेकताक्षणी पाणकणसाच्या दाट बेटात पळत सुटला. आम्हा दोघांना तो पुन्हा कधीच सापडला नसता. आजोबांची म्हातारी काळी लॅब, म्हणजे लॅब्राडोर, नाक जमिनीला लावून आत शिरली. पाच-सात मिनिटं नुसती पाती हलताना दिसत होती. मग ती तो जिवंत कोंबडा तोंडात धरून बाहेर आली आणि आजोबांच्या हातात दिला. त्याच्या अंगावर दाताची एक खूण नव्हती. संध्याकाळी तीच कुत्री त्यांच्या दोन वर्षांच्या नातीशेजारी पसरली होती आणि नात तिच्या कानात बोटं घालत होती.

मला तसाच कुत्रा हवा होता. पाडलेला पक्षी शोधून हातात आणून देणाऱ्या अशा जातींना रिट्रीव्हर म्हणतात. त्यानंतर मी एक कुत्रा चुकीच्या पद्धतीने निवडला आणि एक नीट निवडला. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकारीची दारं बंद झाली. त्यामुळे शिकारी कुत्रा कसा पारखायचा हे आपल्यापैकी बहुतेकांना घरातून कुणी शिकवलेलं नसतं. इथे अमेरिकेत कायद्याने, लायसन्स काढून पक्ष्यांची शिकार करू पाहणाऱ्या आणि घरात मुलंबाळं असलेल्या मराठी कुटुंबांसाठी हे लिहिते आहे. उदाहरणं मिनेसोटाची आहेत. नियम प्रत्येक राज्यात वेगळे असतात, पण कुत्रा पारखण्याची रीत सगळीकडे हीच.

१. आधी वर्षाचा हिशेब मांडा

इथला फेझंटचा सीझन ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतो आणि १ जानेवारीला संपतो. बदकांचा त्याआधी, सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतो. नोकरी आणि मुलांच्या शाळा सांभाळून तुम्ही फार तर पंधरा-वीस दिवस रानात जाल. उरलेले साडेतीनशे दिवस हा कुत्रा तुमच्या स्वयंपाकघरात तुमच्या पायात पायात करणार आहे. म्हणून निवड घरासाठी करा, आणि त्या निवडीत शिकारीची उपजत आवड आहे ना, एवढी खात्री करून घ्या. मी क्रम उलटा लावलेली घरं पाहिली आहेत. तिथे कुत्रा दिवसभर भिंतीवर डोकं आपटल्यासारखा येरझारा घालतो आणि घरातली माणसं थकून जातात.

घरात सगळ्यांनी एकत्र बसून या गोष्टी बोलून घ्या:

- बाहेर उणे वीस तापमान असताना रोज सकाळी कोण फिरवणार?
- डिसेंबरमध्ये महिनाभर भारतात जाता, तेव्हा कुत्रा कुणाकडे राहणार? चांगल्या बोर्डिंगच्या जागा सुट्टीच्या दिवसांत फार आधी भरतात.
- अपार्टमेंटच्या किंवा टाउनहोम असोसिएशनच्या नियमांत कुत्र्याच्या वजनाची किंवा संख्येची अट आहे का? हे लेखी घ्या.
- आई-बाबा सहा महिने राहायला येतात का? त्यांना कुत्र्याची भीती किंवा सोवळ्याओवळ्याची अडचण आहे का?

शेवटच्या प्रश्नाकडे दुर्लक्ष करू नका. रिट्रीव्हर वर्षभर केस गाळतो आणि वसंतात व शरदात तर मुठीने गाळतो. केस पोळीच्या कणकेत येतात, देवघरात येतात. माझ्या सासूबाईंना हे आधीच स्पष्ट सांगितलं, देवघर उंचावर हलवलं आणि स्वयंपाकघराच्या दाराला लहान मुलांसाठी मिळतं तसं फाटक लावलं. त्यामुळे पुढे एकदाही वाद झाला नाही. देवघर हलवण्याचं आणखी एक कारण आहे. खूश झालेल्या लॅबची शेपटी बरोबर जमिनीवर ठेवलेल्या समईच्या उंचीवर फिरते.

२. जात ठरवा

लॅब्राडोर: पहिल्यांदाच कुत्रा घेणाऱ्यांना मी डोळे मिटून लॅब सुचवते. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांचे पाण्यातले कुत्रे १९व्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंडला गेले आणि तिथल्या जमीनदारांनी त्यांच्यापासून ही जात घडवली. आखूड, दाट, पाणी झटकणारा कोट असतो, त्यामुळे चिखल वाळला की ब्रशने निघून जातो. मादी साधारण २५ ते ३२ किलो, नर ३० ते ३६ किलो. खादाडपणा मात्र रक्तातच आहे. भुकेशी संबंधित पीओएमसी नावाच्या जनुकात बऱ्याच लॅबमध्ये बदल आढळतो, हे २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं. म्हणून खाणं नेहमी मोजून द्या.

गोल्डन: स्कॉटलंडमधल्या गिसाखन इथे लॉर्ड ट्वीडमाउथ यांनी १८६८ मध्ये पिवळा रिट्रीव्हर आणि ट्वीड वॉटर स्पॅनियल यांची जोडी लावली, तिथून ही जात सुरू झाली. स्वभावाने याच्याइतका गोड कुत्रा क्वचितच. पण लांब केसांत रानातली गोखरूसारखी काटेरी बोंडं अशी गुंततात की शिकारीनंतर एक तास विंचरत बसावं लागतं. कॅन्सरचं प्रमाणही या जातीत जास्त आहे, विशेषतः लिम्फोमा आणि हिमँजिओसार्कोमा. ब्रीडरला आजी-आजोबा किती वर्षं जगले आणि कशाने गेले, हे विचाराच.

चेसापीक बे रिट्रीव्हर: बर्फाळ पाण्यात बदकं आणायला याच्यासारखा कुत्रा नाही. कोट तेलकट, म्हणून अंगाला वास येतो. घरच्यांशी एकनिष्ठ, परक्यांशी जरा अंतर ठेवून. आपल्याकडे दर शनिवारी पाहुण्यांचा राबता असतो, ढोकळा-चहाला दहा माणसं येतात. अशा घरात पहिलाच कुत्रा म्हणून मी हा सुचवणार नाही.

फ्लॅट-कोटेड, कर्ली-कोटेड आणि नोव्हा स्कोशिया डक टोलिंग या जाती चांगल्या आहेत, पण ब्रीडर कमी आणि वाट बघणं जास्त.

३. त्याच जातीतली दोन घराणी ओळखा

लॅब म्हणजे लॅब असं नाही. शोसाठी पैदास केलेली लॅब रुंद छातीची, जाड मानेची, संथ. फील्डसाठी पैदास केलेली सडपातळ, लांब पायांची, सतत कामाच्या शोधात. दोन्हीकडे पिल्लांचे फोटो सारखेच गोंडस दिसतात, म्हणून वंशावळीतली नावं वाचायला शिका.

नावापुढे किंवा मागे अक्षरं असतात. जेएच म्हणजे ज्युनियर हंटर, एसएच सीनियर, एमएच मास्टर. या एकेसीच्या, म्हणजे अमेरिकन केनेल क्लबच्या, हंट टेस्टच्या पदव्या. तिथे कुत्रा दुसऱ्या कुत्र्याशी स्पर्धा करत नाही, ठरलेल्या मापाला उतरतो का ते पाहतात. एचआर (हंटिंग रिट्रीव्हर) आणि एचआरसीएच (हंटिंग रिट्रीव्हर चॅम्पियन) या यूकेसीच्या, म्हणजे युनायटेड केनेल क्लबच्या, तशाच पदव्या. एफसी म्हणजे फील्ड चॅम्पियन. तिथे शेकडो यार्डांवरून पक्षी आणण्याची कुत्र्याकुत्र्यांत चढाओढ असते आणि त्या घराण्यातल्या पिल्लांत प्रचंड ऊर्जा असते.

माझं मत असं आहे: घर आणि शिकार दोन्ही हवं असेल तर आईबापांच्या नावामागे एमएच किंवा एसएच असलेलं वेत शोधा. एफसीची नावं आजोबा-पणजोबांत असली तर हरकत नाही. आई आणि बाप दोघंही एफसी असतील आणि तुम्ही दिवसभर ऑफिसात असाल, तर ते पिल्लू घेऊ नका, त्याचे हाल होतात. "ब्रिटिश लॅब" अशी पाटी पाहून शांत कुत्रा मिळेल असंही गृहीत धरू नका. पाटी कुणीही लावू शकतो, आईबाप घरात कसे वागतात ते बघा.

४. कागद तपासा, पैसे देण्याआधी

माझी चूक इथे झाली. पहिला कुत्रा मी रंगावर भाळून घेतला. कोल्ह्याच्या पाठीसारखा तांबूस लाल, म्हणून नावही तांबू ठेवलं. ब्रीडर म्हणाले, "व्हेटने तपासलंय, एकेसीचे कागद आहेत." मी खूश झाले. चौदा महिन्यांचा असताना तो शेतात धावून आला की मागचे पाय जवळ घेऊन सशासारख्या उड्या मारत चालायचा. एक्स-रे काढला तर दोन्ही खुब्यांचे सांधे उथळ. तांबू आज नऊ वर्षांचा आहे, घरचा लाडका आहे, पण एक दिवसही तो मनसोक्त रानात धावू शकला नाही. त्याच्या आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे कुणी कधी काढलेच नव्हते. मी विचारलंही नव्हतं.

हे नीट समजून घ्या: एकेसीची नोंदणी म्हणजे फक्त जन्माची आणि वंशाची नोंद, तब्येतीची हमी नाही. "व्हेटने तपासलं" म्हणजे पिल्लाचं हृदय ऐकलं, जंत पाहिले, एवढंच. खुबे आणि कोपरांची पारख ओएफए ही संस्था आईबापांच्या एक्स-रेवरून करते, आणि खुब्यांचा अंतिम निकाल कुत्रा २४ महिन्यांचा झाल्यावरच मिळतो. म्हणजे दीड वर्षाच्या कुत्रीची पिल्लं कुणी विकत असेल तर तिचा अंतिम निकाल असणं शक्यच नाही.

मागायचे कागद:

- आई आणि बाप दोघांचे खुब्यांचे ओएफए निकाल: एक्सलंट, गुड किंवा फेअर
- दोघांच्या कोपरांचा निकाल: नॉर्मल
- डोळ्यांच्या तज्ज्ञ व्हेटने केलेली तपासणी, गेल्या वर्षभरातली
- लॅब असेल तर ईआयसी (धावताना कोसळण्याचा आजार), सीएनएम (स्नायूंचा आजार) आणि पीआरए (दृष्टी जाण्याचा आजार) या डीएनए चाचण्यांचे निकाल
- गोल्डन असेल तर हृदयतज्ज्ञाची तपासणीसुद्धा
- पिल्लाच्या लसींची आणि जंताच्या औषधाची तारखांसह नोंद
- एकेसी नोंदणीचा अर्ज आणि लेखी करार: आनुवंशिक आजार निघाल्यास काय, कुत्रा सांभाळता आला नाही तर ब्रीडर परत घेणार का

ईआयसीबद्दल थोडं जास्त सांगते, कारण शिकारी कुत्र्यात हा आजार भर मैदानात उघडा पडतो. पाच ते वीस मिनिटं जोरात धावल्यावर मागचे पाय लुळे पडतात, काही कुत्रे दगावतातही. यामागचा जनुकीय दोष मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधनातून सापडला. दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच आजार होतो. त्यामुळे दोघांपैकी एकाचा निकाल क्लिअर, म्हणजे दोष नसलेला, असेल तर पिल्लं त्या दोषाने आजारी पडत नाहीत. वाहक आई आणि क्लिअर बाप ही जोडी चालते, हे लक्षात ठेवा आणि चांगलं वेत उगाच सोडू नका.

निकालाचा कागद ब्रीडरने दाखवला तरी स्वतः पडताळा. ओएफएच्या वेबसाइटवर कुत्र्याचं नोंदणीचं पूर्ण नाव टाकलं की निकाल फुकट दिसतात. माझ्या दुसऱ्या शोधात तीन ब्रीडरपैकी एकाच्या कुत्रीचं नाव तिथे सापडलं नाही. फोन केला तर उत्तर मिळालं, "पाठवायचं राहिलं." मी तो विषय तिथेच संपवला.

आणखी दोन सापळे. "सिल्व्हर", "शॅम्पेन" अशा दुर्मिळ रंगांसाठी जास्त पैसे मागितले तर समजा की पैदास रंगाकडे बघून झाली आहे. आणि फोटो पाठवून ऑनलाइन पूर्ण रक्कम मागणारा, प्रत्यक्ष किंवा व्हिडिओ कॉलवर पिल्लू आईसोबत दाखवायला टाळाटाळ करणारा माणूस बहुतेक वेळा फसवणारा असतो.

करारात "लिमिटेड रजिस्ट्रेशन" असं लिहिलेलं असेल तर घाबरू नका. पुढची पिल्लं एकेसीत नोंदवता येत नाहीत इतकंच. हंट टेस्टला तो कुत्रा उतरू शकतो.

५. ब्रीडरच्या घरी जा आणि आधी आई बघा

पिल्लांच्या टोपलीकडे थेट जाऊ नका. एकदा पिल्लू कुशीत घेतलं की डोकं चालत नाही. आधी आईबरोबर अर्धा तास बसा. अनोळखी माणूस आल्यावर ती काय करते? दोन मिनिटं शेपटी हलवून, वास घेऊन खाली बसते, की सारखी उड्या मारते, की कोपऱ्यात सरकते? काजळची आई, म्हणजे आमच्या आताच्या लॅबची आई, माझ्या बुटांवर हनुवटी ठेवून झोपली. मग ब्रीडरने कपाटातून डमी, म्हणजे सरावासाठी पक्ष्याऐवजी फेकायची वस्तू, काढला, तशी क्षणात उठून दाराशी ताठ उभी राहिली. तिने अंगणातून तो तीनदा आणला, घरात आली आणि पुन्हा झोपली. कामाला पेटणं आणि घरात विझणं, हे दोन्ही एकाच कुत्रीत दिसलं. मी पिल्लं बघण्याआधीच होकार दिला होता.

ब्रीडरला विचारा: याआधीच्या वेतातली पिल्लं कुणाकडे आहेत, त्यांतल्या दोघांशी बोलता येईल का? चांगला ब्रीडर उलट तुम्हालाच दहा प्रश्न विचारतो. दिवसभर घरी कोण असतं, कुंपण आहे का, मुलं किती वर्षांची. राग मानू नका.

६. पिल्लू उचलताना

सात आठवड्यांच्या पिल्लात भविष्य दिसतं असा माझा दावा नाही, पण काही गोष्टी कळतात. एकेकाला भावंडांपासून वेगळ्या खोलीत न्या. कागदाचा बोळा चार फुटांवर टाका. धावत गेलं, तोंडात धरलं आणि तुमच्या दिशेने दोन पावलं जरी आलं तरी उत्तम. फ्रीजरमध्ये ठेवलेला बदकाचा पंख ब्रीडरकडे असतो, तो समोर ठेवा आणि कुतूहल बघा. दूर कुठेतरी स्टीलचं भांडं पाडायला सांगा. दचकणं साहजिक आहे, पण पाच-दहा सेकंदांत सावरून वास घ्यायला जाणारं पिल्लू घ्या. लपून बसलं आणि बाहेर आलंच नाही तर ते शिकारीसाठी नको.

वेतातलं सगळ्यात दांडगट पिल्लूही नको आणि सगळ्यात भित्रंही नको. मधलं घ्या. आठ आठवड्यांच्या आत घरी आणू नका, भावंडांच्या संगतीत ते चावणं आवरायला शिकतं आणि रिट्रीव्हरला पक्षी दात न लावता अलगद धरायला ते फार उपयोगी पडतं.

पिल्लू केव्हा घ्यायचं हेही ठरवता येतं. जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेलं पिल्लू मार्च-एप्रिलमध्ये घरी येतं, बर्फ वितळत असतो, शी-शूची सवय लवकर लागते, उन्हाळाभर तळ्यात पोहणं शिकवता येतं आणि ऑक्टोबरात ते आठ-नऊ महिन्यांचं असतं.

७. घरातले पहिले चार महिने

क्रेट (झोपायचा पिंजरा), मोजून खाणं, हाक मारली की येणं, "बस", "सोड". आज्ञा मराठीत दिल्या तरी चालतात, फक्त घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा. काजळला आम्ही "आण" म्हणतो. आईने "घेऊन ये", मुलीने "फेच" आणि बाबांनी "आण गं" म्हटलं तर ते पिल्लू गोंधळतं.

आपल्या स्वयंपाकघरातल्या धोक्यांची यादी फ्रीजवर लावा. बेदाणे, मनुका आणि द्राक्षं कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक आहेत, म्हणजे शिरा, बेदाणे घातलेले लाडू आणि प्रसादाची वाटी टेबलाच्या कडेला नको. कांदा-लसूण शिजवलेलाही नको, त्यामुळे उरलेली आमटी-भात त्याच्या ताटलीत घालू नका. चॉकलेट नको. झायलिटॉल घातलेलं च्युइंग गम तर पर्समध्येसुद्धा जमिनीवर ठेवू नका. पाहुणे आले की प्रत्येकाला दारातच सांगा, कारण "एवढासा लाडू दिला तर काय होतंय" हे वाक्य आमच्याकडे दर दिवाळीला कुणीतरी बोलतं.

ऑगस्टमध्ये तळ्यावर हिरवट-निळी साय दिसली तर कुत्र्याला पाण्यात सोडू नका. त्या शेवाळाच्या विषाने कुत्रे काही तासांत मरू शकतात. गोचिडांचं औषध आणि हार्टवर्मची (हृदयातल्या जंतांची) गोळी व्हेट सांगतील तशी द्या, चुकवू नका. नसबंदी कधी करायची हेही व्हेटशी बोलून ठरवा, घाई नको. गोल्डनमध्ये एक वर्षाच्या आत नसबंदी केल्यास सांध्यांचे आजार वाढतात, असं डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या २०१३ च्या अभ्यासात आढळलं.

८. बंदुकीच्या आवाजाची ओळख

सगळ्यात जास्त चांगले कुत्रे इथे वाया जातात. ओळखीच्या एका कुटुंबाने चार महिन्यांचं सुंदर पिल्लू ४ जुलैच्या आतषबाजीला नेलं, सवय व्हावी म्हणून. त्यानंतर गाडीचं दार जोरात लागलं तरी ते पलंगाखाली जायचं.

पिल्लाला कधीही शूटिंग रेंजवर नेऊ नका. आधी ते पक्ष्याच्या मागे वेडं व्हायला हवं. मग उघड्या मैदानात, ते पक्ष्याच्या किंवा डमीच्या मागे धावत असताना, शंभर पावलांवरून कुणीतरी खोट्या काडतुसाचा पिस्तुलाचा बार काढावा. कानसुद्धा हलला नाही तर पुढच्या वेळी थोडं जवळून. शेपटी खाली गेली की त्या दिवशी थांबायचं आणि पुढच्या वेळी आणखी लांबून सुरुवात करायची. याला काही आठवडे लागतात. जवळच्या रिट्रीव्हर क्लबच्या सरावाला जा, तिथे अनुभवी माणसं हे तुमच्यासमोर करून दाखवतात.

९. पहिला सीझन

तुमचे स्वतःचे कागद आधी पुरे करा. मिनेसोटात ३१ डिसेंबर १९७९ नंतर जन्मलेल्यांना फायरआर्म्स सेफ्टीचं प्रमाणपत्र लागतं. स्मॉल गेम लायसन्स (पक्षी आणि लहान प्राण्यांच्या शिकारीचं), फेझंटचा स्टॅम्प म्हणजे त्या शिकारीची वेगळी परवानगी, बदकांसाठी राज्याचा आणि १६ वर्षं किंवा त्याहून मोठ्या प्रत्येकाला फेडरल डक स्टॅम्प. बदकांसाठी शिशाची काडतुसं १९९१ पासून देशभर बंद आहेत. फेझंटला जाताना कमरेच्या वर भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडा हवा, कुत्र्यालाही नारिंगी जॅकेट घाला.

एच-१बीसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर एक गोष्ट नक्की तपासा: संघीय कायद्याने अशा व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसं जवळ ठेवायला मनाई आहे, आणि राज्याचं चालू शिकार-लायसन्स हा त्यातला एक अपवाद. बंदुकीला हात लावण्याआधी वकिलाशी बोला, मित्राची उसनी बंदूक असली तरी.

पहिल्या वर्षी एका वेळी दोन तास पुरेत, आणि बरोबर एखादा जाणता कुत्रा असेल तर फार सोपं जातं. पहिल्या काही फेऱ्यांत तुम्ही बंदूक दुसऱ्याच्या हाती द्या आणि फक्त कुत्र्याकडे बघा. काजळने पहिल्या सीझनला चारच पक्षी आणले. त्यातला तिसरा पाणकणसात पळालेला होता, आणि पाती हलताना बघत मी श्वास रोखून उभी होते.

गाडीशी परतल्यावर पंधरा मिनिटं तिच्यासाठी ठेवा. मागचं दार उघडून तिला वर बसवा, कोरड्या टॉवेलने पुसा, कोमट पाणी द्या. पापण्या उलटून कुसळं बघा, मग कानांच्या आत, काखेत आणि पंज्यांच्या प्रत्येक बोटाच्या फटीत. बारीक कुसळ आत रुतलं तर आठवड्याने गळू होऊन वर येतं. काजळ उजवा मागचा पंजा द्यायला नेहमी कुरकुर करते, म्हणून मी त्याच पंज्यापासून सुरुवात करते.